भरपगारी चार दिवस



वसंत व्याख्यानमालेचे हे व्यासपीठ विद्वानांचे. येथे वेदान्तावर व्याख्याने झाली, अणुशक्तीवर झाली, नाट्यसंगीतावरही झाली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढे जे चार शब्द शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि मजूर न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेचा पुकारा होण्याची वाट पाहता पाहता. चिटणीसांनी विषय विचारला आणि आम्ही 'मुलाबाळांसह प्रवास' असे उत्तर दिले, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे, प्रवास सांगायला लेखकमंडळी आहेत, असे त्यांच्या मनात आले असावे. पण प्रवास हाही मजुरीइतकाच हिशेबाचा विषय आहे, असे आमचे मत आहे, आणि ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रवास कोठला म्हणाल, तर हिमालय नव्हे, काशी-रामेश्वर नव्हे. सांगलीहून कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर आणि परत येताना आंबा घाट. सगळा मिळून पाचशे किलोमीटरांचा फेरा. गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोन कुटुंबे निघालो. एक आमचे, आणि दुसरे साखर कारखान्यात फिटर असलेल्या आमच्या एका सभासदाचे. मोठी माणसे पाच, मुले पाच आणि भाड्याची एक ट्रॅक्स. मुलांत सर्वांत मोठी आमची धाकटी, आठवीतली. सर्वांत लहान फिटरचा मुलगा, पहिलीतला.

आता मे महिनाच का? तर गळीत हंगाम संपलेला असतो, दुरुस्तीच्या कामाचा जोर अजून चढलेला नसतो, आणि मुलांना शाळा नसते. कारखान्यातल्या माणसाला रजा मागावयाची तर हीच वेळ. आणि येथेच पहिली अडचण. आमचा हा फिटर वीस वर्षे कायम नोकरीत. या वीस वर्षांत कुटुंबाला घेऊन तो रजेवर असा कधी गेला नव्हता. लग्नाला गेला, मयताला गेला, पंढरपूर आणि जोतिबा केला. उरलेली रजा तो दरवर्षी विकतो. रजा विकणे हा शब्द येथे बसलेल्या नोकरदार मंडळींना ठाऊक आहे. शिल्लक दिवस द्यावयाचे आणि त्यांचे पैसे घ्यावयाचे. आम्ही त्याला बोल लावीत नाही. जूनमध्ये मुलांची फी असते, वह्या-पुस्तके असतात, घराची कौले असतात. पण हे दिवस कोठून आले, हे एकदा पाहिले पाहिजे.

आठवड्याची सुटी ही या देशातल्या गिरणी कामगाराला कोणी सहज दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली, सहा वर्षे अर्ज, सभा, विनवण्या केल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला तो हवा, असेही त्यांनी मांडले होते. ही लोखंड्यांची हुशारी आम्हाला फार आवडते. इंग्रजाचा रविवार त्यांनी जेजुरीच्या नावावर मागितला. भरपगारी वार्षिक रजेला त्यानंतरही पन्नासाहून अधिक वर्षे लागली. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या संहितेत ती अट १८० दिवसांवर आली आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. १८० ऐकून बरे वाटते. पण साखर कारखान्यातल्या हंगामी कामगाराने ते तरी कोठून आणावेत? हंगामच मुळी चार-पाच महिन्यांचा. त्याला बिनहंगामात करारानुसार रिटेन्शन मिळते, ती गोष्ट निराळी. ती रजा नव्हे.

फ्रान्सात १९३६ साली पॉप्युलर फ्रंटचे सरकार आले आणि मोठा संप झाला. त्यातून तिकडच्या कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण उपमंत्र्याने कामगार कुटुंबांसाठी आगगाडीचे तिकीट ४० टक्के स्वस्त करून घेतले. नुसती रजा मिळून भागत नाही, जाण्याचे साधनही परवडले पाहिजे, हे त्या माणसाने ओळखले. त्या उन्हाळ्यात लाखो कामगारांनी बायकामुलांसह प्रवास केला आणि कित्येकांनी समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला. हे आम्ही एका जुन्या पुस्तकात वाचले, तेव्हा आमच्या मनात आले की आपल्या सांगलीच्या कामगाराला समुद्र दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरांवर आहे. मध्ये फक्त सह्याद्रीची एक रांग. मग निघावयास काय हरकत आहे?

पहाटे पाचला निघालो. मुलांना घेऊन निघणाऱ्याने पहाटेच निघावे. पहिले दोन तास पोरे झोपेत जातात आणि ऊन चढायच्या आत निम्मा पल्ला पडतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही असे बरोबर होते. सात वाजता कऱ्हाडला प्रीतिसंगमावर उतरलो. येथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. दोन नद्यांचे संगम आपण पुष्कळ पाहतो. बहुतेक ठिकाणी एक नदी दुसरीला बाजूने येऊन मिळते. येथे मात्र दोघी नाकासमोर चालत येतात, गळाभेट घेतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेकडे चालू लागतात. दोघींचा उगम एकाच महाबळेश्वराच्या डोंगरात. माहेरातून एकदम निघून दोन वाटांनी गेलेल्या बहिणी कऱ्हाडला भेटतात, असे आमच्या घरातून मुलांना सांगितले गेले. भूगोलाच्या पुस्तकापेक्षा ते बरे सांगितले, असे आम्हांस वाटले. यशवंतराव चव्हाणांची समाधी येथेच आहे. मुलांनी नमस्कार केला आणि मग पाण्यात पाय बुडवून भाकरी खाल्ली.

कऱ्हाड सोडले की रस्ता कोयनेच्या कडेने पश्चिमेला चढू लागतो. पाटणपर्यंत ऊस, पुढे ऊस विरळ होत जातो, भाताची खाचरे दिसू लागतात, आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. हे लहान मुलाच्याही ध्यानात येते. आमच्या फिटरच्या मुलीने विचारले, "काका, इथं एवढा पाऊस पडतो म्हणता, मग ऊस का नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. आमच्या जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडे पाचशेच्या आगेमागे. अंतर दोनशे किलोमीटरांच्या आतले, आणि पाऊस दहापट कमी. पण जेथे पाऊस पडतो तेथे सपाट जमीन नाही, आणि जमीन आहे तेथे पाऊस नाही. म्हणून धरणे, म्हणून कालवे, म्हणून कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेण्याची योजना. "म्हणजे आपला ऊस इथलं पाणी पितो," असे ती म्हणाली. आम्ही होय म्हटले. तिचा बाप ज्या मिलच्या रोलरांना तेल घालतो, त्या रोलरांतून जाणारा रस हा या डोंगरांवर पडलेला पाऊस आहे. वीस वर्षे नोकरी केलेल्या त्या माणसानेही ही गोष्ट अशी कधी डोळ्यांपुढे आणली नव्हती. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला.

हेळवाकला कोयना वळते. महाबळेश्वरापासून ती डोंगररांगेच्या कुशीतून सरळ दक्षिणेला येते आणि येथे अचानक पूर्वेला फिरते. त्या वळणाच्या जरा वर धरण बांधले आहे. जागा निवडणाऱ्याची अक्कल पाहा. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे पाणी अडवावयाचे, ते डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे न्यावयाचे, आणि कोकणात साडेचारशे मीटरांहून अधिक खोल सोडावयाचे. त्या पडण्यावर वीज. धरणाची उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरांच्या थोडी वर. १९५४ साली भूमिपूजन झाले, १९६२ साली पहिली वीज निघाली. आज सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅटची क्षमता आहे. कृष्णेचे पाणी वापरणाऱ्या राज्यांच्या लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे, कारण या पाण्याची वाट पुढे पार आंध्रापर्यंतची माणसे पाहत असतात.

धरणाच्या भिंतीवर परवान्यावाचून जाता येत नाही आणि भूमिगत वीजघर तर आपल्यासारख्यांना बंदच. बागेतून लांबूनच भिंत पाहिली. पण ती कशी बांधली हे आम्ही मुलांना सांगितले, कारण फलकावर ते नसते. हे रबल काँक्रीटचे धरण आहे. म्हणजे मोठमोठे दगड काँक्रीटमध्ये बसवीत बसवीत भिंत वर नेलेली. यंत्रे होती, पण दगडाला जागेवर बसविणारा हात माणसाचाच. आमच्या धाकटीने विचारले, "त्यांची नावं कुठं लिहिलीत?" आम्ही तिला बागेतले सगळे फलक वाचावयास सांगितले. ती वाचून आली. इंजिनियरांची आणि मंत्र्यांची नावे सापडली, एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी एका चहाच्या टपरीवर वृद्ध गृहस्थ भेटले. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट त्यांनी दहा वर्षांचे असताना पाहिलेली. चार वाजून गेले होते, सगळे झोपेत. "आदी आवाज आला," ते म्हणाले, "डोंगरच बोलतुया असा. मग घर हलाया लागलं. आय आमाला उचलून भाईर टाकत हुती, आनि परत आत जात हुती." पावणेदोनशेच्या वर माणसे त्या भूकंपात गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. भिंतीला उंच भागात तडे गेले. पुढे ती मागच्या बाजूने आधार देऊन मजबूत केली. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, याचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेला करीत आले आहेत. पहिलीतल्या मुलाने त्या आजोबांना विचारले, "तुमची आई कितव्यांदा आत गेली होती?" आम्हाला तो प्रश्न ऐकून कसेसेच झाले. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "चार डाव गेली आनि चार डाव आली, बाळा. आमी चौघं भावंडं."

तेथेच दुसरे एक जण बसले होते. त्यांचे मूळ गाव शिवसागर जलाशयाखाली. शंभराच्या घरात गावे या पाण्याने उठविली. कोणी ठाण्याकडे गेले, कोणी रायगडात, कोणी सोलापूर-सांगलीकडे, तर कोणी वरच्या डोंगरावरच सरकले. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी या विस्थापितांची पाहणी केली आणि ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. वाचनालयात मिळाली तर जरूर वाचावी. हक्काच्या जमिनीसाठी पन्नास-साठ वर्षांनंतरही या लोकांना ठिय्या मांडून बसावे लागले. गाव बुडाले, वीज मुंबईला गेली, आणि पुढे १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० साली व्याघ्रप्रकल्प. जंगल राखलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. शेकरू, गवा, धनेश ही मंडळी आपल्या नातवंडांना दिसावीत असे कोणाला वाटणार नाही? परंतु राखण्याची किंमत दर वेळी त्याच माणसाने का मोजावी, एवढेच आमचे विचारणे आहे. त्या गृहस्थांनी मुलांना करवंदांचा द्रोण दिला आणि पैसे घेतले नाहीत.

आता प्रवासातली एक गोष्ट सांगतो. ती आम्हांस सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आमच्या गाडीचे चालक पन्नाशीचे होते, मुले त्यांना मामा म्हणू लागली होती. मुक्कामाला ज्या लॉजवर उतरलो तेथे आम्ही खोल्या घेतल्या आणि मामांना कोठे झोपवणार असे विचारले. व्यवस्थापक म्हणाले, "ड्रायव्हर गाडीत झोपतात. सगळेच झोपतात." मामाही म्हणाले, "असू द्या साहेब, सवय आहे." ही 'सवय आहे' म्हणजे काय, हे आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, असे त्यात लिहिले होते. आता तो २०२० च्या संहितेत मिळून गेला. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एका गाडीचा मालक, एक चालक, अशांना तो कधी पोहोचलाच नाही. आणि आपण सहकुटुंब सहलीला निघतो तेव्हा बहुतेक अशाच गाडीतून निघतो. मागे आपली पोरे झोपलेली असतात आणि पुढे मान डुलू लागलेला माणूस घाटाची वळणे घेत असतो. त्याला पाय पसरून झोपता येईल अशी खाट मिळवून देणे, यात परोपकार कोठला? ती आपल्याच पोरांची काळजी होय. बराच वाद झाल्यावर शेवटी एक गादी आली, आणि ती आमच्या खोलीत टाकली. चारही दिवस मामा आमच्याबरोबर जेवले, आमच्याबरोबर झोपले, आणि दुपारी जेवणानंतर तासभर गाडी हलावयाची नाही असा आमचा नियम होता. त्या तासात मुलांनी झाडे ओळखावीत, पत्ते खेळावेत, भांडावे. भांडणेही पुष्कळ झाली.

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट. घाटमाथ्यावर गाडी थांबविली, कारण येथे पाण्याची वाटणी होते. धाकटीने बाटलीतले पाणी थोडे पूर्वेला ओतले, थोडे पश्चिमेला. पूर्वेचे पाणी कोयनेतून कृष्णेत जावयाचे आणि चार राज्ये ओलांडून, हजारबाराशे किलोमीटर चालून, आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. पश्चिमेचे पाणी वाशिष्ठीतून सत्तर-ऐंशी किलोमीटरांतच अरबी समुद्रात. दोन पावलांच्या अंतराने एवढा फरक! मुलांना हा खेळ फार भावला. पिण्याचे सगळे पाणी त्यात संपले आणि घाट उतरेपर्यंत सगळे तहानलेले राहिले.

घाटात मुलांना गाडी लागते. यावर उपाय विचारणारे पुष्कळ भेटतात म्हणून सांगतो. पोट भरगच्च नसावे पण रिकामेही नसावे. लागणाऱ्या मुलाला पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवावे. मोबाइलात डोके घालू देऊ नये, लांबचा डोंगर पाहावयास सांगावे. आवळासुपारी किंवा आल्याचा तुकडा चघळावयास द्यावा. एवढे करूनही लागलीच तर लागली. फिटरच्या मोठ्या मुलाला दोनदा लागली, आणि दोन्ही वेळा मामांनीच त्याला कडेला धरले.

घाटात जंगल अंगावर येते. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, उंबर. मेमध्ये खाली कारवी वाळलेली, वर मात्र हिरवेगार. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी ही कारवी. घरांच्या कुडांना तिच्याच काठ्या. एका वळणावर शेकरू दिसले. एवढी मोठी खार असते हे पहिलीतल्या मुलास पटेना. तो तिला माकडच म्हणत राहिला.

पण डोंगर नुसता सुंदर असतो, असे मुलांना सांगून चालत नाही. २२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यातल्याच आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर खाली आला आणि घरे माणसांसकट गाडली गेली. त्याच दिवशी खाली चिपळूण बुडाले. चिपळुणात उतरल्यावर पुराच्या खुणा भिंतींवर लोकांनी हाताने दाखविल्या. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणातून, अलोऱ्याच्या वीजघरातून शेवटी वाशिष्ठीतच येते. त्यामुळे पुराला पाऊस किती कारण आणि सोडलेले पाणी किती, हा वाद तेथे अजून ऐकू येतो. आम्ही त्यात पडलो नाही. पण एक हकिगत आम्ही मुलांना आवर्जून सांगितली. एसटीच्या चिपळूण आगारात पाणी शिरले तेव्हा तेथील आगारव्यवस्थापक तिकिटांची नऊ लाखांच्या आसपासची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि तासन्‌तास तेथेच बसून राहिले. पैसे महामंडळाचे. फिटरचा मोठा मुलगा म्हणाला, "पैसे सोडून जीव वाचवायला पाहिजे होता." धाकटी म्हणाली, "पगार कशातनं झाला असता मग?" यावर गुहागरपर्यंत वाद चालला. आमचे मत दोघांनीही विचारले. आम्ही दिले नाही.

चिपळुणात लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर आहे, १८६४ साली निघालेले. २००५ च्या पुराने आणि पुन्हा २०२१ च्या पुराने त्याच्या ग्रंथांची हानी केली, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उभे राहिले. ज्याने आपले शिक्षण वाचनालयात केले त्याने अशा ठिकाणी दोन मिनिटे उभे राहावे. आम्ही राहिलो. मुले बाहेर कुल्फीवाल्यापाशी उभी होती, आणि त्याबद्दलही आमची तक्रार नाही.

गुहागरचा समुद्र फिटरच्या बायकोने पहिल्यांदा पाहिला. वय चाळीस. ती पाण्यापर्यंत गेली, थांबली, चप्पल हातात घेतली आणि म्हणाली, "ह्याला पलीकडं काठच नाही हो!" पुढे तासभर ती कोणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी धोपावे-दाभोळ फेरीबोटीतून खाडी ओलांडून परत आलो. वाशिष्ठी येथे समुद्राला मिळते. धाकटी हिशेब करीत होती. घाटमाथ्यावर पश्चिमेला ओतलेले तिचे पाणी येथे पोहोचले असेल का? पूर्वेचे तर अजून वाटेतल्या मातीतच असेल.

परतताना संगमेश्वर, साखरपा करीत आंबा घाट चढलो. चौपदरी रस्त्याचे काम सुरू होते. भर उन्हात, डांबराच्या वाफेत बायका खडी पसरीत होत्या आणि एका झाडाला साडीचा झोका बांधून त्यात तान्हे मूल निजविले होते. गाडीतली मुले गप्प झाली. मग फिटरच्या मुलीने विचारले, "ह्यांना सुटी कधी?" त्यावरून बोलणे आमच्याकडच्या ऊसतोड मंडळींवर आले. मुलाबाळांसह सडकेचा लांबलचक प्रवास आमच्या भागात सर्वांत अधिक कोण करीत असेल, तर ते लोक. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ट्रकच्या हौद्यात भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि शाळा सुटलेली पोरे घेऊन निघतात आणि नद्या, घाट ओलांडून आमच्या फडात येतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, मोजणी अवजाराची. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते, म्हणून २४० दिवसही नाहीत आणि १८० दिवसही नाहीत. त्यांची मुले जेवढा महाराष्ट्र पाहतात तेवढा आमच्या मुलांनी पाहिलेला नाही, आणि तरी त्यांच्या वाट्याला प्रीतिसंगमावर पाय बुडवून भाकरी खाण्याची एक सकाळ येत नाही. ट्रक कऱ्हाडच्या पुलावरून जातो, रात्र असते, आणि पोरे ताडपत्रीखाली झोपलेली असतात.

घरी आल्यावर फिटरने वहीत खर्च मांडला. गाडी, डिझेल, मामांचा भत्ता, लॉज, जेवण, फेरीबोट, कुल्फी. माणशी अडीच हजारांच्या आत बसला. त्याच्या चार दिवसांच्या विकलेल्या रजेचे जे आले असते, त्याहून हा खर्च अधिकच. ते लपविण्यात अर्थ नाही. त्याने ती वही कारखान्यात जेवणाच्या सुटीत इतरांना दाखविली, तेव्हा एकाने विचारले, "मग मिळालं काय?" त्याने सांगितले की पोरीला आता दिव्याचे बटण दाबताना कोयना आठवते. तो विचारणारा हसला. पण या वर्षी मे महिन्यासाठी ज्यांनी नावे दिली त्यांत त्याचेही नाव आहे.

नावे एकंदर अकरा कुटुंबांची आली आहेत. त्यांतली चार हंगामी कामगारांची. त्यांना भरपगारी रजा नाही, तेव्हा त्यांच्या बुडणाऱ्या दिवसांसाठी कायम कामगारांनी वर्गणी काढावी असा ठराव युनियनपुढे आहे आणि त्यावर येत्या रविवारी सभा आहे. सभेत विरोध होईल, हे आम्हांस दिसते आहे. मामांनी आणखी तीन गाड्या ठरवून दिल्या आहेत. लॉजवाल्याला फोन केला तेव्हा त्याने किती खोल्या असे विचारले. आम्ही आधी चालकांच्या चार खाटा सांगितल्या आणि मग खोल्यांचे बोललो.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठविली आहे, तेव्हा येथे थांबतो. कोणाला रस्त्याची, मुक्कामाची माहिती हवी असल्यास आम्ही व्यासपीठाच्या डाव्या बाजूला उभे आहोत. फिटरही आले आहेत आणि त्यांच्याजवळ ती वही आहे.